केयाची नादारी

मॉरिसव्हिल
मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रिय केया,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधी हे सांगते की घरी सगळं ठीक आहे. बाबांची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा कुरकुरतो पण चालतो, आणि शनिवारची साडी इस्त्री होऊन कपाटाच्या दाराला लटकली आहे. तू गुरुवारी विमानात बसशील, त्याच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून एका दिवसात पोचवणाऱ्या कुरियरने रेडमंडला तुझ्या घरी पाठवते आहे. फोन का नाही केला असं विचारशील. अगं, अवघड काही बोलायचं झालं की मला इंग्रजी येत नाही आणि तुला मराठी येत नाही, हे आपल्या घरातलं जुनं दुखणं आहे. आपलं खरं बोलणं झालं ते तू पोलंडला खेळत असताना, पत्रांतून. 'फोन करू नकोस आई, आवाज ऐकला की आय स्टार्ट क्रायिंग,' असं तूच म्हणाली होतीस. मग मी दर रविवारी दोन पानं लिहायची आणि तू ती चार दिवस पुरवून पुरवून वाचायचीस. रविवारच्या मराठी शाळेत तुला ओढत न्यायचे तेव्हा तू कारमध्ये दातओठ खायचीस, पण त्या शाळेचा उपयोग झाला तो असा.

आता सरळच लिहिते. मला तुझ्यापाशी एक कबुली द्यायची आहे. शनिवारी तुझा मान म्हणून तुझी बावीस नंबरची जर्सी कॉलेजच्या त्या मोठ्या हॉलच्या छताला कायमची टांगतील, तू माइक हातात घेशील आणि आठ हजार लोकांसमोर तुझं ते वाक्य म्हणशील. 'नोबडी कॉल्ड. सो आय वेंट.' कुणी बोलावलं नाही, म्हणून मी आपली आपण गेले. ते वाक्य म्हणण्याआधी तुला एक गोष्ट कळली पाहिजे. ती कळल्यावर कदाचित तू माझ्याशी बोलणार नाहीस, शनिवारी माझ्याकडे बघणारही नाहीस. ती भीती घेऊन मी तीन आठवडे झोपते आणि उठते आहे. मी जरा फिरून फिरून त्या गोष्टीवर येईन, मला धीर गोळा करायला वेळ लागतो. मधेच पत्र टाकून देऊ नकोस.

सप्टेंबरमधली ती तुमच्या लीगची बास्केटबॉलची फायनल मी परवा पुन्हा पाहिली, कितव्यांदा ते विचारू नकोस. बाबा म्हणतात की एवढ्यांदा बघून निकाल बदलणार नाही, तरी ते स्वतः चहाचा कप घेऊन मागे उभे असतातच. एका पॉइंटने तुम्ही पुढे, चार सेकंद बाकी, आणि समोरच्या टीमची ती सोनेरी वेणीवाली मुलगी बास्केटकडे सुसाट निघाली. सगळं जग बॉलकडे बघत होतं. तू कुठून आलीस देव जाणे. तिच्या वाटेत पाय रोवून, हात छातीशी घेऊन नुसती उभी राहिलीस. ती धाडकन तुझ्यावर आदळली, तू पाठीवर पडून हातभर घसरलीस आणि शिटी वाजली. फाउल तिचा, बॉल तुमचा. शेवटच्या क्वार्टरमध्ये तुझ्या नावावर एकसुद्धा पॉइंट नव्हता आणि मॅच तू जिंकून दिलीस. तू जमिनीवर पडल्या पडल्या हसत होतीस, वर चारजणी तुला उचलायला झेपावल्या होत्या, आणि इथे आपल्या सोफ्यावर तुझा बाप लहान मुलासारखा रडत होता. मी रडले नाही. मी उभी राहून टीव्हीला नमस्कार केला. मॅच बघायला आलेल्या नीनाकाकूंनी तो फोटो काढून इथल्या सगळ्या मराठी मंडळाला पाठवला.

हेच मंडळ, बरं का, ज्याच्या गणपतीच्या कार्यक्रमात तुला दर वर्षी मागच्या रांगेत उभं करायचे, कारण पुढे उभी राहिलीस तर बाकीच्या मुली दिसायच्या नाहीत. आठवीत तू पाच फूट नऊ होतीस. 'शोभना, आता हिला स्वयंपाकघरातली वरची फळी दे,' असं म्हणून बायका हसायच्या, आणि मीही हसायचे. तुझा राग निघायचा गॅरेजसमोरच्या बास्केटवर. कुणाच्या तरी यार्ड सेलमधून बाबांनी ती वाकडी रिंग आणली, स्वतः बसवली, आणि लुंगीवर उभे राहून तुला शूटिंग शिकवायला लागले. आयुष्यात त्यांनी कॅरमशिवाय काही खेळलेलं नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला खेळता यावं लागतं असं थोडंच आहे! तू त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचीस आणि नेमकं उलट करायचीस. शेजाऱ्यांचे दोन दिवे फुटले. मी ओरडायचे, आणि ओट्याशी उभी राहून खिडकीतून बघत राहायचे. मला खेळातलं काही कळत नव्हतं. पण तू कशात तरी पूर्ण बुडाली आहेस, एवढं कळत होतं.

बारावीच्या वर्षीचं आठव. तुझ्या टीममधल्या एकेकीला कॉलेजच्या कोचचे फोन यायला लागले. कुणाला व्हर्जिनियातून, कुणाला फ्लोरिडातून. शाळेत टेबल मांडून, कॉलेजची टोपी घालून सह्या करायचा तो समारंभ झाला, आणि तू टाळ्या वाजवणाऱ्यांत उभी होतीस. एप्रिलमध्ये एका दुपारी तू ड्रायरमधले कपडे काढता काढता तिथेच जमिनीवर बसलीस. मला अजून तुझ्या मांडीवरचा तो गरम टॉवेल दिसतो. 'आई, नॉट ईव्हन वन? एकाही कोचला मी दिसले नाही?' असं तू विचारलंस. मी म्हटलं, 'नाही गं राणी.' त्यावर तू मान हलवलीस, डोळे पुसलेस आणि सगळे टॉवेल घडी करून ठेवलेस. त्या दिवसानंतर तू मला या विषयावर कधी काही विचारलं नाहीस.

ते उत्तर खोटं होतं, केया. एक फोन आला होता.

आता थांबत नाही. आदल्या ऑक्टोबरातला रविवार होता, तू जिममध्ये होतीस, बाबा धाकट्या आर्यला घेऊन कार धुवायला गेले होते. मी मंडळाच्या दिवाळीसाठी चकल्या तळत होते, दीडशे चकल्या माझ्याकडे होत्या. घरचा फोन वाजला. पलीकडे एक बाई होती, दक्षिणेकडच्या लोकांसारखं लांबवून लांबवून बोलणारी. डोंगरातल्या एका कॉलेजची कोच, लोरेन बीसली. जुलैत आपल्या शेजारच्या केरी गावातल्या त्या टूर्नामेंटमध्ये तिने तुला तीन दिवस पाहिलं होतं. तिला तू टीममध्ये हवी होतीस. मला शब्द न् शब्द कळला, माझ्या इंग्रजीला दोष देऊ नकोस. ती म्हणाली, 'मॅम, वी वॉन्ट टू ऑफर युअर डॉटर अ फुल स्कॉलरशिप. फी, राहणं, जेवण, सगळं आम्ही बघू.' आणि तिथे माझं डोकं फिरलं.

का फिरलं ते तुला कळायचं तर मी तुला नागपूरला, माझ्या लहानपणात, न्यायला हवं. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, हे तुला माहीत आहे. माझी फी नादारीवर माफ होती, हे तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, तुझ्या बाबांनासुद्धा लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितलं. नादारी म्हणजे गरिबीचा दाखला देऊन मिळालेली फीमाफी. दर जूनमध्ये शाळेचा कारकून वर्गात यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, 'नादारीच्या मुलींनी उभ्या राहा.' आम्ही पाच जणी उभ्या राहायचो. तो नावं वाचायचा, एकेकीला वरून खाली बघायचा आणि विचारायचा, 'बापाला काम लागलं का यंदा?' माझ्या पायात चप्पल बरी असली तर तेवढ्यावरूनही बोलायचा. पाचवी ते दहावी, सहा वर्षं मी अशी उभी राहिले. पहिला नंबर माझाच असायचा, तरी बक्षीस घ्यायला गेल्यावर मागून कुजबुज यायची की ही ती नादारीतली. तेव्हाच मी ठरवलं होतं की माझ्या पोटची पोर कुणाच्या मेहेरबानीवर शिकणार नाही. उपाशी राहू, पण नादारी नको.

तर त्या बाईने फी माफ म्हटलं आणि मला समोर तो कारकूनच दिसला. मी ताठ झाले. चकलीच्या पिठाचा हात फोनला लागला होता, तो पुसला, आणि अगदी गोड आवाजात तिला म्हटलं, की थँक यू व्हेरी मच, बट वी आर बोथ वर्किंग. मी लॅबमध्ये आहे, माझे मिस्टर इंजिनियर आहेत, देवाच्या कृपेने आम्ही मुलीला शिकवू शकतो. प्लीज, ही स्कॉलरशिप एखाद्या गरजू मुलीला द्या. मग ती म्हणाली, 'मॅम, इट इज नॉट अबाउट नीड.' मला वाटलं, ही आपली समजूत काढते आहे, नागपूरच्या हेडमास्तरीणबाईही असंच गोड बोलायच्या. मी आणखी सांगितलं की मुलगी अभ्यासात हुशार आहे, तिला यात गुंतवू नका, तिला वेगळा फोन करू नका. फोन ठेवण्याआधी तिने तुझ्यासाठी एक निरोप सांगितला. मी 'येस, येस, शुअर' म्हटलं आणि चकल्यांकडे वळले. एक घाणा जळला होता. वर चार दिवसांनी मी तिला आभाराचं कार्डही पाठवलं! घरात कुणाला काही बोलले नाही, कारण माझ्या लेखी तुझा कुणी अपमान करू पाहत होतं आणि मी तो परस्पर परतवला होता. मला किती अभिमान वाटला होता, ते सांगायची आज लाज वाटते.

मार्चमध्ये नीनाकाकूंच्या कुशला टेनिसवर स्कॉलरशिप मिळाली आणि त्यांनी पन्नास माणसांना जेवायला बोलावलं, पेढे वाटले. मी मनात म्हटलं, काय ही माणसं, फी माफ झाली म्हणून पेढे? मग एकेक जण कुशला मिठ्या मारायला लागला, आणि बाबांनी मला कानात सांगितलं की बाप्पा, शंभरातल्या एकाला मिळते ही, हा तर मान आहे. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी लॅबच्या पार्किंगमध्ये उभी राहून मी त्या कॉलेजला फोन लावला. कोच बाहेरगावी होत्या. त्यांच्या असिस्टंटने सांगितलं की यंदाच्या सगळ्या जागा भरल्या. त्यानंतर दोन आठवड्यांनी तू तो टॉवेल मांडीवर घेऊन बसलीस आणि मला विचारलंस. त्या क्षणी सांगितलं असतं तर तू रडली असतीस, भांडली असतीस, आणि कदाचित त्या बाईंना स्वतः फोन केला असतास. पण मी भ्याले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी मूठ मिटली, आणि नंतर ती उघडायचं धाडस झालं नाही.

मग तू जे केलंस ते मी नुसती बघत राहिले. घरापासून अर्ध्या तासावरच्या त्या प्रचंड कॉलेजात साधी विद्यार्थिनी म्हणून गेलीस, आणि खुल्या ट्रायलची नोटीस वाचून सकाळी सहाला त्या जिमच्या दारात उभी राहिलीस. एकतीस मुली आल्या होत्या, एक घेतली, ती तू. ना स्कॉलरशिप, ना नाव, दोन वर्षं बाकावर. पहिल्या दोन सीझनमध्ये मिळून एकेचाळीस मिनिटं खेळलीस. बाबा प्रत्येक होम मॅचला जायचे आणि तुझा टॉवेल हलवतानाचा व्हिडिओ काढून आणायचे. मी जायचे नाही, कारण लॅबमध्ये शिफ्ट आहे असं सांगायचे. शिफ्ट नव्हती गं. तुला त्या बाकावर बसलेलं बघवत नव्हतं मला, कारण तुला तिथे मी बसवलं होतं.

तिसऱ्या वर्षी दोघी जखमी झाल्या म्हणून तुला उतरवलं, आणि पुन्हा बसवायची कोचची हिंमत झाली नाही. पण लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या टीम नव्या मुली निवडतात त्या दिवशी, तुझं नाव नव्हतं. तू बॅग भरून पोलंडला गेलीस. उणे चौदा डिग्री, हीटर बंद, आणि तू मेतकूट-भात खाऊन दिवसातून दोनदा प्रॅक्टिस करत होतीस. मग तुर्कस्तान, मग ऑस्ट्रेलिया. दर उन्हाळ्यात इथे परत येऊन एखाद्या टीमच्या कॅम्पमध्ये जायचीस आणि सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुला घरी पाठवायचे. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी एअरपोर्टवर तुला घ्यायला आले, तेव्हा तू म्हणालीस, 'इट्स फाइन आई, आय नो हाऊ टू नॉट बी कॉल्ड.' घरी येईपर्यंत मी नुसतं रस्त्याकडे बघत गाडी चालवली, आणि तुला वाटलं आई निराश झाली.

सत्ताविसाव्या वर्षी कुणाचा तरी घोटा मोडला आणि तुला सात दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. त्या सात दिवसांची सात वर्षं केलीस तू! बास्केटमध्ये बॉल टाकणाऱ्या पुष्कळ असतात. तू तो दुसरीला मिळवून द्यायचीस, कुणाच्या वाटेत उभी राहायचीस, पडायचीस, उठायचीस. जे कुठल्या आकड्यात येत नाही ते सगळं करायचीस. कॉमेंट्री करणाऱ्यांना डांगरे म्हणता येईना म्हणून त्यांनी तुला डेंजर केलं आणि आख्खं स्टेडियम तसं ओरडायला लागलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं माझी आजी म्हणायची. कोंबडं मीच झाकलं होतं, त्यामुळे ही म्हण माझ्याइतकी कुणाला पटणार नाही.

आणि तुझं ते वाक्य. पहिल्या मोठ्या मुलाखतीत तू ते म्हणालीस, मग ते टी-शर्टवर आलं, मग तुझ्या कॅम्पचं नाव झालं. कुठल्याच टीमने न निवडलेल्या तीनशे मुली दर जुलैत तुझ्याकडे येतात. मागच्या जुलैत मी तिथे पोहे करायला आले होते, तेव्हा एक चष्मेवाली मुलगी आपल्या आईला सांगत होती की केयाला पण कुणी कॉल केलं नव्हतं. माझ्या हातातला डाव खाली पडला. तू म्हणालीस, आई दमली, बस जरा.

तीन आठवड्यांपूर्वी कॉलेजचा एक तरुण कॅमेरा घेऊन घरी आला, शनिवारी मोठ्या पडद्यावर दाखवायच्या फिल्मसाठी. मोठा गोड मुलगा, त्याने दोनदा चहा घेतला. त्याने विचारलं, 'मिसेस डांगरे, खरंच एकही फोन नव्हता आला?' आणि मी कॅमेऱ्यात बघून हसत म्हटलं, 'नॉट ईव्हन वन.' तुझेच शब्द वापरले मी. तो गेल्यावर मी सिंकपाशी जाऊन ओकले. बाबा घाबरले, आणि मग मी त्यांना सोळा वर्षांचं सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीत पेट्रोल भरून आणलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'त्या बाईंकडे चल. गाडी तू चालवायचीस. चूक तुझी, रस्ता तुझा.' मी कधी हायवेवर तासाभरावरच्या ग्रीन्सबरोच्या पुढे एकटीने चालवलेली नाही, तुला माहीत आहे. पावणेचार तास चालवली, शेवटचा एक तास घाटात, आणि बाबांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यांना किती जड गेलं असेल!

बीसलीबाई आता शहात्तर वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, एक म्हातारा कुत्रा आहे. मी दारातच माझं नाव सांगितलं. त्यांनी मला आत बसवलं आणि त्या खळखळून हसल्या. 'सव्वीस वर्षांत स्कॉलरशिप परत करणारं तुमचं एकच घर. मला वाटलं, तुम्ही तिकडचे राजेबिजे असाल.' माझं कार्ड त्यांनी टीमच्या ऑफिसात कित्येक वर्षं लावून ठेवलं होतं. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी ती जागा खरोखरच एका गरजू मुलीला दिली. खाणीत काम करणाऱ्याची मुलगी, आज ती त्याच गावात नर्स आहे. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटल्याचा रागही आला, कारण ते पुण्य मी तुझ्या ताटातलं उचलून दिलं होतं. मग मी त्यांना नादारी म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. त्याही कोळशाच्या गावातल्याच, शाळेत फुकट जेवणाचं वेगळ्या रंगाचं तिकीट त्यांनाही दाखवावं लागायचं. त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की मी सांगितलेला निरोप तुम्ही तिला दिलात का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, 'देन गो टेल हर. इट हॅजंट एक्स्पायर्ड.'

कॅमेऱ्यावाल्या मुलाला मी फोन करून माझं ते वाक्य काढायला लावलं आहे. आता फिल्ममध्ये मी नुसती हसताना दिसेन. शनिवारी तू काय म्हणायचं ते तू ठरव. तेच वाक्य म्हटलंस तरी मी टाळ्या वाजवीन, कारण तुला जे मिळालं ते तू कुणी न बोलावता जाऊनच मिळवलंस, त्यातला एक कणही या फोनने कमी होत नाही. सगळ्यांसमोर खरं सांगितलंस, माझं नाव घेऊन सांगितलंस, तरी मी उभी राहीन. उभं राहायची मला सवय आहे, आणि या वेळी माझी चूक आहे. बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी वाट बघेन. बीसलीबाई शनिवारी येणार आहेत, बाबांनी त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत आमच्या दोघांच्या मधली खुर्ची मागून घेतली आहे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. माफी तर मी तुझ्या पायाशी बसूनही मागेन, ती पत्राने मागायची गोष्ट नव्हे. पण एक निरोप सोळा वर्षं माझ्याकडे पडून आहे. तो तुझा होता, मी तो अडवून धरला, आणि त्यातला एकही शब्द मी विसरलेले नाही. तो तू माझ्याकडूनच ऐकावास, आणि छताला तुझा नंबर चढण्याआधी ऐकावास. कोच लोरेन बीसलींनी तुला सांगायला सांगितलं होतं, 'त्या जिममध्ये सगळे जण बॉल ज्यांच्या हातात आहे त्यांना बघत होते. मी तीन दिवस तुमच्या मुलीला बॉल तिच्या हातात नसताना बघितलं. तिला सांगा, तिचं सगळं मला दिसलं. तिला सांगा, मला तीच हवी आहे.'

तुझीच,
आई